बसा, आजोबा

वृद्धाश्रमाच्या तपासणीला गेले की मी आधी फाइल बघत नाही, नखं बघते. फाइल कोणीही आदल्या दिवशी बसून नीट लावू शकतं. पण चाळीस म्हाताऱ्या माणसांची नखं एका संध्याकाळी घाईघाईनं कापली तर कुठे ना कुठे कातडी सोलतेच, आणि ते मला लगेच दिसतं. मग पाण्याचा पेला हाताशी आहे की टेबलाच्या पलीकडच्या टोकाला, चष्म्याच्या काचा पुसलेल्या आहेत का, कवळी ज्याची त्याच्याच तोंडात आहे का, आणि घंटा दाबल्यावर माणूस यायला किती वेळ लागतो, हे सगळं बघते. त्यानंतर चहा. तोही मेट्रनच्या खोलीत घेत नाही, हॉलमध्ये सगळ्यांबरोबर घेते, म्हणजे गरम मिळतो की कोमट ते कळतं. या सगळ्यामुळे जिल्हाभर माझं नाव ‘नखंवाली बाई’ असं पडलंय. मला ते माहीत आहे, हे त्यांना माहीत नाही.

मी मुळात हॉस्पिटलातली नर्स. सव्वीस वर्षं वॉर्ड सांभाळले आणि मग या तपासणीच्या नोकरीत आले, त्यालाही अकरा वर्षं होऊन गेली. राग माझ्या नाकावर असतो, ते मला मान्य आहे. आमचे हे म्हणतात, हॉटेलात गेलो तरी तू आधी वेटरची नखं बघतेस आणि मग मेनू. पण अकरा वर्षांत माझा एकही शेरा मागे घ्यायची वेळ आली नाही, याचा मला अभिमान होता. होता, असंच म्हणायला हवं.

बसच्या शेवटच्या थांब्याजवळ एक वृद्धाश्रम आहे. दुमजली, पण म्हातारी माणसं सगळी खालीच, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच लांबलचक व्हरांडा. मी तिथे दोन वर्षांपूर्वी गेले होते तेव्हा त्यांच्या वहीत वर्षभरात पडल्याच्या एकतीस नोंदी होत्या. एकतीस! आजूबाजूच्या वृद्धाश्रमांत चार, पाच, फार तर सहा. त्यात भर म्हणजे मी व्हरांड्यात उभी असताना एक आजोबा माझ्या डोळ्यांदेखत नोटीस बोर्डाखाली पडले. फार काही लागलं नाही, कोपर खरचटलं, पण मी हादरले. त्याच्या आदल्या वर्षी माझ्या सासूबाई आमच्या घरात, माझ्यापासून चार पावलांवर पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं. आठ महिने अंथरुणावर काढून त्या गेल्या, आणि ते आठ महिने मी रोज स्वतःला विचारत होते की मी त्यांना एकटं का चालू दिलं. त्या दिवशी मी लाल पेन काढलं आणि लिहिलं, ‘पडण्याचे प्रमाण शून्यावर आणावे.’ शून्याखाली दोन रेघा मारल्या.

आणि त्यांनी ते आणलं. यंदाच्या कागदांत चौदा महिन्यांत एकही नोंद नव्हती. आमच्या खात्याचे साहेब इतके खूश झाले की त्यांनी या वृद्धाश्रमाला ‘आदर्श’ ठरवायचा बेत केला. पत्रक छापायचं, आणि बाकीच्या सतरा वृद्धाश्रमांच्या मेट्रननी इथे येऊन बघून जायचं, की शून्य कसं आणतात. फक्त माझ्या अहवालाची वाट होती. खोटं कशाला बोलू, मीही हरखले होते. आपण कागदावर मारलेल्या रेघेनं कुठेतरी काही बदललं, असं दिसण्याचा योग आमच्या नोकरीत फारसा येत नाही.

न कळवता गेले, सकाळी साडेदहाला. मेट्रन पन्नाशीची, बुटकी, कामात वाघीण आणि बोलण्यात कंजूष. मला बघून तिनं नुसती मान हलवली आणि हॉलकडे बोट केलं. नखं स्वच्छ. पेले हाताशी. चष्मे लख्ख. मी स्वतः एका रिकाम्या खोलीत जाऊन घंटा दाबली तर चाळीस सेकंदांत एक मावशी धावत हजर. बसून बसून टाचेला, माकडहाडाला जखमा होतात, म्हणून तेही बघितलं. कुणाला साधा लाल डागसुद्धा नव्हता, प्रत्येकाच्या खाली मऊ गादी. खुर्च्याही नव्या आलेल्या, खोल, मागे रेलणाऱ्या. बसलं की माणूस आत रुततो. पुढे सरकतं टेबल, त्यावर पेपर, पाणी, चष्म्याचं घर. पट्ट्यानं कुणाला बांधलेलं नव्हतं. तसं असतं तर मी तिथल्या तिथे आकाशपाताळ एक केलं असतं.

माझी अजून एक सवय आहे. हॉलच्या कोपऱ्यात अर्धा तास नुसतं बसायचं आणि काम करणाऱ्या बायका कुठला शब्द सारखा बोलतात तो मोजायचा. एका ठिकाणी तो ‘थांबा’ होता. एका ठिकाणी ‘झालं का?’ होता. एका ठिकाणी कोणी कुणाशी काहीच बोलत नव्हतं, ते सगळ्यात वाईट. इथे तो शब्द होता ‘बसा’. अर्ध्या तासात तेवीस वेळा. पण काय गोड! कोणी टेबल जरा पुढे ढकललं, हात टेकून उठायची तयारी केली, की मावशी आलीच. खांद्यावर हात. बसा आजी, मी आणते ना. बसा आजोबा, काय हवं ते नुसतं सांगा. कुणाच्या आवाजात वैताग नाही, घाई नाही. मी वहीत ‘आपुलकी’ असं लिहिलं आणि पुढे बरोबरची खूण केली.

तेवढ्यात समोरच्या आजोबांच्या बुटाची नाडी सुटलेली दिसली. हेच ते, माझ्यासमोर पडलेले. सगळे त्यांना मोजणीवाले आजोबा म्हणायचे, कारण त्यांनी सगळी नोकरी जमिनी मोजण्यात घालवली होती. साखळी टाकून भावाभावांच्या हद्दी ठरवायच्या आणि दोन्ही भावांच्या शिव्या खायच्या. वय चौऱ्याऐंशी. मागच्या वेळी त्यांनीच मला सांगितलं होतं की त्यांच्या खाटेपासून त्यांच्या ताईच्या खाटेपर्यंत एकशे सहा पावलं होतात, मध्ये नऊ दारं लागतात. ताई म्हणजे सख्खी मोठी बहीण, सात वर्षांनी मोठी, व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला बायकांच्या बाजूला शेवटच्या खोलीत. ते सकाळ-संध्याकाळ चालत तिच्याकडे जायचे, जुन्या गोष्टींवरून यथास्थित भांडायचे आणि परत यायचे.

मी वाकून नाडी बांधायला घेतली. आजोबांनी संकोचून पाय जरा वर उचलला, आणि बुटाचा तळ माझ्या तोंडासमोर आला. दुकानातून आणल्यासारखा कोरा. टाचेजवळ नंबराचा गोल कागदसुद्धा तसाच चिकटलेला.

नवे वाटतं, असं मी विचारलं. दीड वर्ष झालं, भाच्यानं आणून दिले, ते म्हणाले. चांगले टिकलेत.

मी तशीच वाकलेली राहिले. मग पेन खाली पाडलं, ते शोधायच्या निमित्तानं रांगत रांगत सगळ्या खुर्च्यांखालून फिरले. अठ्ठावन्नाव्या वर्षी हे काही शोभत नाही, आणि दोन आज्यांनी मला तसं सांगितलंही. पण मी एकूण बावीस जोड बघितले. बूट, चपला, सपाता. बावीसच्या बावीस तळ कोरे. या हॉलमध्ये कोणी पडत नव्हतं, कारण या हॉलमध्ये कोणी चालतच नव्हतं.

मी मोजणीवाल्या आजोबांची फाइल मागवली. रोजची नोंद, सुंदर अक्षरात. ‘बहिणीला भेटण्यास विचारले. रहिवाशाने नकार दिला.’ दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी पानं उलटत गेले. पाच महिने. रोज विचारलेलं, रोज नकार, खाली रोज सही. नियमाप्रमाणे यात काडीचीही चूक नव्हती. नियम म्हणतो विचारा, ते विचारत होते. एकाच छपराखाली राहणारे भाऊ-बहीण पाच महिने एकमेकांना भेटले नव्हते, आणि कागद अगदी स्वच्छ होता.

मी स्टूल ओढून आजोबांच्या पुढ्यात बसले आणि ताईंकडे का जात नाही, असं सरळ विचारलं. त्यांनी आधी हॉलमध्ये कोणी ऐकत नाही ना ते बघितलं. मग हळूहळू सांगितलं. त्यांचं चालणं बंद केल्यावर मावशी चाकाच्या खुर्चीतून न्यायच्या, रोज चार वाजता. ते गोड मानून घेत होते. ताई तेव्हा स्वतः उठून बसायच्या, त्यांनी काही मनावर घेतलं नाही. पण पाच महिन्यांपूर्वी ताईंनी अंथरूण धरलं, मन हळवं झालं, आणि खुर्चीतल्या भावाला बघून त्यांनी एकच ध्यास घेतला की हा आजारी आहे, आपल्याआधी जाणार आणि लोक आपल्यापासून लपवताहेत. दोन दिवस अन्नाला शिवल्या नाहीत. परत नेलं तर परत तेच.

“माझ्यामुळे तिचं जेवण तुटतं, बाई,” आजोबा म्हणाले. “म्हणून मी निरोप पाठवतो. गुडघा दुखतोय, उद्या येतो. पाच महिने झाले, माझा उद्या काही उजाडत नाही.”

हे कुणाला सांगितलं का नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, “येता का, असं रोज विचारतात. का येत नाही, असं कोणी विचारलं नाही. मुली फार चांगल्या आहेत हो. उठू लागलो की त्यांच्या तोंडचं पाणी पळतं. त्यांना कशाला त्रास द्यायचा?”

मग त्यांनी मलाच समजावलं की मी मनाला लावून घेऊ नये, ते माझ्यासमोर पडले होते हे खरंच होतं आणि मी लिहिलं ते बरोबरच होतं. मला वाटलं, यांनी मला चार शब्द सुनावावेत. त्यांनी सुनावले नाहीत, म्हणून मी ते सगळे मेट्रनवर काढायला निघाले.

तिच्या खोलीत जाऊन मी दार लावलं आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. माणसं आहेत की कुंडीतली झाडं, इथपासून सुरुवात केली. बावीस जोड, एकाचाही तळ झिजलेला नाही. पाच महिने नकार लिहिताना हात कसा अडखळला नाही. मी दमले तेव्हा मेट्रन उठली, कपाटातून प्लास्टिकच्या कव्हरात घातलेला एक कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. माझाच अहवाल. माझं अक्षर, माझी सही, शून्याखाली माझ्या दोन रेघा.

“मॅडम,” ती म्हणाली, “बाकीच्यांकडे त्या वर्षी चार-चार, पाच-पाच नोंदी होत्या. त्यांची माणसं काय पडत नव्हती? माझ्याकडे कोणी गादीवरून घसरलं तरी मी लिहायचे. खरं लिहिलं म्हणून एकतीस झाले, आणि लाल शेरा मला मिळाला. शून्यावर आणायचे दोनच रस्ते होते. एक, लिहायचं नाही. ते मला जमलं नसतं. मग मी दुसरा धरला.”

मी खुर्चीत बसले. बाकीच्यांच्या चार-पाच नोंदींचं सत्य मलाही ठाऊक होतं. आमच्या धंद्यात ते सगळ्यांनाच ठाऊक असतं. तरी मी शेरा हिच्यावर मारला होता, कारण हिच्या वहीत सापडलं होतं, आणि कारण मला घरचे आठ महिने आठवले होते.

मेट्रनचं बोलणं संपलं नव्हतं. तिनं कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. “उद्यापासून चालवते मी त्यांना. पण दीड-दोन वर्षं बसलेली माणसं आहेत, पडतील. मोजणीवाले तर नक्की पडतील. तेव्हा तुम्ही काय लिहिणार, ते आज लिहून द्या.”

मला भीती वाटली. उगाच ताठा कशाला दाखवू. लिहून दिलं आणि त्या आजोबांनी पडून खुबा मोडून घेतला, तर खाली माझी सही असणार. नाही लिहिलं, तर ते त्या खुर्चीत सुखरूप बसून राहणार, आणि त्यांची ताई व्हरांड्याच्या त्या टोकाला, ‘उद्या’ची वाट बघत एक दिवस जाणार. डॉक्टरांनी तिला फार दिवस दिलेले नव्हते, तेही फाइलमध्ये होतं. सासूबाईंच्या वेळी मला कोणी विचारलं नव्हतं. या वेळी विचारत होते.

मी लिहिलं. ‘मागील तपासणीतील माझा शेरा चुकीचा होता. रहिवाशांना चालू द्यावे. चालताना काळजी घेऊनही कोणी पडल्यास तो या निवासाचा दोष धरला जाणार नाही.’ सही केली, तारीख घातली. अकरा वर्षांत पहिल्यांदा ‘माझा’ आणि ‘चुकीचा’ हे दोन शब्द मी एका ओळीत लिहिले होते. मेट्रननं कागद दोनदा वाचला आणि प्लास्टिकच्या त्याच कव्हरात घातला.

साहेबांचा फोन दुसऱ्याच दिवशी आला. पत्रकाचा मजकूर तयार होता. शून्य हा आकडा लोकांना पटकन कळतो, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, मलाही पटकन कळला होता, तीच तर अडचण झाली. बरीच वादावादी झाली. शेवटी ‘आदर्श’ गेलं, ‘समाधानकारक’ आलं, आणि सतरा मेट्रनची सहल रद्द झाली. माझी गोपनीय फाइल त्यामुळे जरा जाड झाली असणार. दोन वर्षांत मी निवृत्त होणार आहे, होऊ दे जाड.

व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई आठवड्यातून दोनदा जाऊ लागल्या. त्यांनी आजोबांच्या मांड्या टेपनं मोजल्या आणि तोंड वाकडं केलं. उभे राहतील का, तेही महिन्याभरानं सांगेन, म्हणाल्या. अर्ध्या खोल खुर्च्या हलवून त्यांच्या जागी उंच, हाताच्या खुर्च्या आल्या. सगळ्यात जड गेलं ते मावशींना. शिकवलेलं सगळं समजत होतं, पण कोणी उठायला लागलं की जिभेवर तोच शब्द यायचा. एक मावशी म्हणे स्वतःच्या तोंडावर हात दाबून उभी राहायची.

तिसऱ्या आठवड्यात दुपारी मेट्रनचा फोन आला. एकच शब्द बोलली, “पडले.”

कुठे, कसे, हाड? ती म्हणाली, वॉकर धरून दुसऱ्या दारापर्यंत गेले, वळताना तोल गेला, बसकण मारली. डॉक्टरांनी बघितलं, हाड शाबूत, मांडीवर काळंनिळं झालंय. मग ती थांबली. मी काय म्हणते याची ती वाट बघत होती, ते मला कळत होतं. जे झालं तेच वहीत लिहा, मी म्हटलं. लिहिलंय, ती म्हणाली. आणि आजोबा काय म्हणतायत? आजोबा म्हणतायत की पावलं चुकीची मोजली गेली, पहिल्यापासून परत मोजायची.

आणखी महिन्यानं मी पुन्हा तपासणीला गेले. खरं तर तारीख पुढची होती, पण मेट्रननं कळवलं होतं की ताईंचं खाणं आता दोन-चार चमच्यांवर आलंय. व्हरांड्यात डॉक्टरीणबाई आणि एक मावशी आजोबांच्या दोन बाजूंनी चालत होत्या, मागून मेट्रन एक खुर्ची ओढत येत होती, लागलीच तर असावी म्हणून. आजोबा वॉकर धरून, ओठ हलवत मोजत होते. पहिलं दार गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या दाराशी त्यांचे पाय थरथरू लागले आणि डॉक्टरीणबाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं. रोज इथपर्यंतच येतात, त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या. दहा दिवस झाले, एक पाऊल पुढे सरकलेलं नाही. आता सरकेल असं मला वाटत नाही.

आजोबांना ते कोणी सांगायची गरज नव्हती. आयुष्यभर हद्दी ठरवल्या होत्या त्यांनी.

“छत्तीस,” ते मला म्हणाले. श्वास लागला होता. “सत्तर राहिली. बाई, तुम्ही ताईकडे जाऊन या. तिला आता उद्याचं खोटं सांगू नका. एवढीच जमतात म्हणून सांगा.”

मी निघाले. उरलेली सहा दारं ओलांडताना मलाही पावलं मोजायचा मोह झाला, पण मोजली नाहीत. ताई उशांना टेकून पडल्या होत्या, अंगानं चिमूटभर, नजर मात्र शाबूत. मी कोण ते सांगायच्या आधीच त्यांनी हात पुढे केला.

“तुम्ही नखंवाल्या ना? बघा.”

मी बघितली. स्वच्छ होती. मग त्यांच्या बऱ्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. गुडघ्याचा निरोप खोटा होता. भाऊ आजारी नाही. त्याला बसवून ठेवलं होतं म्हणून पाय गेले. बसवून ठेवायला मी सांगितलं होतं. आता दीड-दोन महिने झटतोय आणि आत्ता तिसऱ्या दाराशी आहे. ताईंनी सगळं ऐकून घेतलं.

“खुर्चीतून आला?”

“नाही. पायांनी.”

“किती झाली?”

“छत्तीस.”

त्या डोळे मिटून पडल्या. मला वाटलं दमल्या. मेट्रन माझ्या मागोमाग येऊन दारात उभी होती, तीही पुढे झाली. तेवढ्यात ताईंनी डोळे उघडले आणि तिच्याकडे बघितलं.

“या पलंगाला चाकं आहेत ना?”

आहेत, मेट्रन म्हणाली.

“मग उरलेली सत्तर मी येते. त्याला म्हणावं, तिथंच थांब.”

मेट्रननं माझ्याकडे बघितलं. याला कुठलाही नियम नव्हता, ना बाजूचा ना विरुद्ध. मग तिनं पलंगाच्या कडेचे दांडे पक्के लावले आणि मावशींना हाक मारली. चाकं कित्येक वर्षांत हललेली नव्हती, ती लाथेनं सुटी करावी लागली. दारातून निघताना पलंग दोनदा अडला, चौकटीचा रंग खरवडला गेला, आणि ताई पडल्या पडल्या हुकूम सोडत होत्या की डावीकडे घ्या, अहो माझं डावं नाही, तुमचं डावं. खोल्याखोल्यांतून माणसं दाराशी आली. कोणी वॉकर धरून, कोणी मावशीचा हात धरून, एक आजी नुसतीच चौकट धरून. सगळी उभी.

मी पलंगाच्या पुढे पळत तिसऱ्या दाराशी आले. आजोबांना चाकांचा आवाज आला होता. त्यांनी मान वाकडी करून व्हरांड्याच्या टोकाकडे बघितलं, पलंग येताना दिसला, आणि त्यांना काय ते समजलं. मावशीनं त्यांच्या गुडघ्यावर शाल पसरली होती, ती त्यांनी काढून टाकली.

“मला उभं करा,” ते म्हणाले.

डॉक्टरीणबाई नको म्हणत होत्या, आताच तर दमलेत. मी त्यांचा एक दंड धरला, मावशीनं दुसरा, आणि आम्ही त्यांना वॉकरसमोर उभं केलं. भार आमच्या हातांवर होता, पण पाठ सरळ होती. पलंग जवळ आला, मेट्रननं तो हळूच थांबवला. ताईंनी भावाला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं, सावकाश, काही लपवलेलं तर नाही ना ते तपासत. मग त्यांनी हात लांब केला. आजोबांनी वॉकर सोडून तो धरला.

“फार उशीर केलास,” ताई म्हणाल्या.

“हो ताई. झाला खरा,” आजोबा म्हणाले. आणि तो जिच्यामुळे झाला होता ती मी, त्यांचा दंड घट्ट धरून तिथेच उभी होते.